जाड लिफाफा

दि. ४ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आग्रहापायी मी आणि तुझ्या वहिनीनं पाठीचा एमआरआय काढला. तिचीही कंबर अधूनमधून धरते, म्हटलं होऊन जाऊ दे. दोन लिफाफे आले, एक जाड, एक पातळ. जाड माझा, हे सांगायला नकोच; सात वर्षं दुखणं मी काढतोय. आत तीन मणके झिजलेले, दोन गाद्या सरकलेल्या, एक नस दबलेली. वाचून आडवा झालो, तो पंधरा दिवस आडवाच आहे.

शिलाईचं दुकान विकतोय. घेणारा शनिवारी येईल. घर, दुकान, माझं अंथरूण सगळं वहिनी बघते, पण तोंडातून सहानुभूतीचा एक शब्द नाही. झेरॉक्स पाठवतोय. वाच आणि थोडी रड.

तुझा मोडका दादा

दि. ९ मार्च

ती. दादास साष्टांग नमस्कार. (तू वाकू नकोस, मीच वाकते.)

झेरॉक्स पोचली. मी दवाखान्यात दिवसभर असलेच रिपोर्ट टाइप करते, म्हणून डोळा आधी वरच्या ओळीवर जातो. तू थेट मणक्यांवर उडी मारलीस. आता चष्मा लाव आणि वाच: स्त्री, वय बावन्न. अरे, नावाची चिठ्ठी न बघता तू कधी कुणाच्या कापडाला कात्री लावली आहेस का?

त्याच पाठीनं ती बाई तुझं अंथरूण झटकतेय आणि दुकानात इस्त्रीचे गठ्ठे उचलतेय. आमचे डॉक्टर सांगतात, अशी झीज काहीच न दुखणाऱ्यांच्याही पाठीत सापडते. कागद भयंकर म्हणून माणूस संपत नाही आणि कागद साधा म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. तुझी पाठ दुखते, मान्य. पण दबलेल्या नसेचं बघायला हवं. वहिनीचा पाय बधिर होतो का, विचार. तू म्हणालास तशी रडले, फक्त तुझ्यासाठी नाही.

लोभ हवा असेल तर आधी उठून बस.
चिमणी

दि. १४ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

वरची ओळ वाचली. मग कपाटातला पातळ लिफाफा काढला. त्यावर माझं नाव, आत 'वयोमानानुसार किरकोळ झीज'. इतका अपमान माझा कुणी केला नव्हता.

तो लिफाफा वहिनीनं पहिल्याच दिवशी उघडला होता. मग गप्प का बसलीस, असं विचारलं. म्हणाली, तुम्ही तो कागद उशाशी घेऊन इतके समाधानी दिसत होतात, की परत मागायला जीव होईना.

दुकान घेणाऱ्याला नको म्हणून कळवलं. आता गठ्ठे मीच उचलतो, अर्धे अर्धे करून. पाठ दुखतेच. उद्या तिला डॉक्टरांकडे नेतोय.

पायाचंही विचारलं. डावा, दोन वर्षांपासून बधिर आहे. मला तेव्हाच सांगितलं होतं म्हणे. मी तिला चप्पल बदलायला सांगितली होती.

लोभ कमी केलास तरी चालेल, पत्र पाठव. वहिनीच्या नावानं पाठव.
दादा