सात वाजताची बॅटरी

ठमे,

चिठ्ठी चार्जरवर ठेवतोय, कारण घरात आल्यावर तू आधी इथेच बघतेस, मग माझ्याकडे.

घाबरू नकोस. हृदयाच्या पंपाच्या तपासणीला टॅक्सीने एकटाच हॉस्पिटलात गेलोय. जादा बॅटऱ्यांची पिशवी खांद्याला आहे. शर्टही इस्त्रीचा घातलाय.

आता खरं सांगतो, तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. बॅटरी मला बदलता येते. एक काढायची, तिच्या जागी नवी खटकन बसेपर्यंत दाबायची, मगच दुसरीला हात लावायचा. हृदयाला पंप बसवला तेव्हाच नर्सबाईंनी माझ्याकडून दहादा करून घेतलं होतं. बोटं थरथरतात, जमत नाही, हे आठ महिने तुला खोटंच सांगत आलो. आणि तू रोज सातच्या आत धापा टाकत घरी येतेस.

परवा फोनवर साहेबांना म्हणालीस, "बदली नको, बाबांची बॅटरी असते." मी आतून ऐकलं. मग जेवणात लक्ष लागलं नाही. तू मात्र मीठ कमी पडलं का म्हणून विचारत बसलीस.

बदली घे. उद्याच कळव. शेजारच्या काकांना सगळं शिकवून ठेवलंय. ते रोज येतील, बॅटरी बघतील आणि माझं डोकं खातील.

रागावू नकोस असं म्हणणार नाही. हवं तेवढं रागाव. पण एक ऐक. सात वाजता पंपाचं तुझ्यावाचून काहीच अडत नव्हतं गं. अडत होतं ते माझं.

बाबा