पिहांगाच्या दारी तारानाकीची लेक

आईस आणि तुझ्या पाठीशी उभ्या आपल्या डोंगराला नमस्कार.

मी इथे मजेत आहे, पोटभर जेवते. काल मला मागणी घातलेल्या पारातेनेच्या घरी गेले. रीतीप्रमाणे स्वतःच्या नावाआधी डोंगराचं नाव सांगितलं, "तारानाकी." सगळे एकमेकांकडे बघायला लागले!

मग त्याची आजी म्हणाली, "आमच्या टोंगारिरो डोंगराच्या बायकोवर, या समोरच्या पिहांगा डोंगरीवर, डोळा ठेवून मार खाल्लेला तोच ना? इथे होता तेव्हा पुकेओनाकी नाव होतं त्याचं. पळून जाऊन नाव बदललं मेल्यानं!"

मी म्हटलं, "म्हणून तर आजी, या खेपेला त्यानं लेक पाठवलीय."

म्हातारी हसत सुटली. माझ्या ताटात आणखी एक रताळं पडलं.

लग्नाला येशील ना गं? गुडघा कसा आहे?

तिकडे धुकं उतरलं की डोंगर पिहांगासाठी रडतो, असं तू म्हणतेस. त्याला सांग, ती मला खिडकीतून रोज दिसते. बरी आहे, आणि मीसुद्धा.

तुझीच,
मेरेआना