उत्तरेकडून फक्त फुलपाखरं

२९ ऑक्टोबर
आली! परसात कपडे वाळत घालत होते, तर चादरीवर एक केशरी. मग दहा. मग मोजायचंच सोडलं. झेंडू नुसता लगडला.
एवढेसे जीव, उत्तरेकडून वाट न चुकता येतात. माझा नवरा फिदेन्सिओही कामासाठी सीमेपलीकडे, उत्तरेलाच आहे. सहा वर्षं झाली. शेवटचा फोन तीन वर्षांपूर्वी — "यंदा फुलपाखरांबरोबर येतो बघ."

३० ऑक्टोबर
सासूबाई म्हणतात, यंदा मृतांच्या सणाला त्याचा फोटो वेदीवर ठेवू. मेलेल्यांच्या वेदीवर!
"तुमचा मुलगा आहे तो!"
"म्हणूनच म्हणते. किती वाट बघशील? चौतीस वर्षांची आहेस, एर्मेलिंदा."
ताट तसंच ठेवून उठले.

१ नोव्हेंबर
सगळं गाव म्हणतं, गेलेली माणसंच फुलपाखरं होऊन घरी येतात. लहानपणापासून ऐकतेय, कधी भीती वाटली नाही. आज एक मनगटावर बसलं. झटकलंच मी! मग किती वेळ परसात रडत बसले.
फोटो माझ्या घागऱ्यांच्या तळाशी लपवलाय.

२ नोव्हेंबर
फोटो ठेवू दिला नाही. सासूबाईंनी सणाच्या तामालेला, मक्याच्या पानात उकडलेल्या त्या आवडत्या पदार्थालाही, हात लावला नाही.

२१ नोव्हेंबर
फुलपाखरं वर डोंगरात, देवदारांवर. दुपारी ऊन तापलं की ओढ्यावर पाण्याला उतरतात. मी रोज जाते. निळी शाल घेते. त्याला आवडायची. वेडीच आहे मी.

१४ डिसेंबर
शेजारचा रोसेन्दो नाताळासाठी उत्तरेहून आला. धावतच गेले. "दिसला का रे कुठे?"
टोपी हातात फिरवत राहिला.
"बरा आहे तो, वहिनी. घर केलंय. बायको आहे... दोन मुली."
"कुणाची बायको?"
"तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुमच्या सासूबाईंना मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."

१५ डिसेंबर
सासूबाईंना विचारलं. तव्यावरची भाकरी करपली तरी मान वर केली नाही त्यांनी.
"विधवेचं लोक पुन्हा लग्न लावून देतात, पोरी. टाकलेलीला नुसती वाट बघायला लावतात."
पोटच्या पोराला मेलेला म्हणायला निघाली होती ही बाई — माझ्यासाठी!