ओट्याचा फोटो

१४ मार्च

प्रिय कप्तान,

गेल्या सुट्टीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी. घरच्या ग्रुपवर मी अंगठे दाखवत राहिले आणि तुला तेवढं पुरलं, त्यामुळे माफी निम्मीच मागते. उरलेली तू माग, वाटलं तर. गेल्या आठवड्यात तुझा निरोप आला की यंदाच्या सुट्टीचं घर ठरलं, समुद्रासमोर, चौदा माणसं आरामात मावतात. सगळ्यांना तू गच्चीचे, झोपाळ्याचे, लाटांचे फोटो पाठवलेस. मला वेगळा एकच फोटो आला, ओट्याचा. खाली लिहिलं होतंस, 'वहिनी, किचन बघ कसलं प्रशस्त! तू तर खूश!' मी तो फोटो मोठा करकरून पाहिला. चार शेगड्या आहेत. खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडते. हे पत्र त्या फोटोचं उत्तर आहे. फोनवर लिहिलं असतं तर तू हसरा चेहरा पाठवून मोकळी झाली असतीस.

'हॉटेलात काय असतं, चार भिंती आणि साबणाची वडी! घर घेतलं की कसं घरासारखं राहता येतं,' हे तुझं वाक्य आता मुलांनाही पाठ झालंय. खरं आहे ते. मी दर वर्षी घरासारखीच राहते. फरक एवढाच की माझ्या घरात सुरीला धार असते. त्या घरांतून मीठ कुठे ठेवलंय इथपासून सुरुवात. एका घरात पातेली होती, झाकणं नव्हती. एकात ती विजेवरची काचेची शेगडी आपल्याकडचं एकही भांडं ओळखायला तयार नव्हती, आणि तू बाहेरून ओरडलीस, 'वहिनी, अंडी राहू देत, नुसता चहा झाला तरी चालेल!' नुसता चहा. चौदा कप, आणि त्यातले तीन बिनसाखरेचे.

पण मला न्यायाने लिहायचंय, नाहीतर या पत्राला काही किंमत नाही. मला कुणी दंडाला धरून ओट्याशी उभं केलं होतं का? नाही. पहिल्या वर्षी मला मजासुद्धा आली होती. एकदा तू स्वतः म्हणालीस, 'आज बाहेरून मागवू या.' तेव्हा तुझा भाऊ म्हणाला, 'हिच्या हातचं असताना बाहेरचं?' आणि मी, दोन पोरांची आई, चांगली शिकलेली बाई, त्या एका वाक्याने विरघळून कांदे सोलायला बसले. तेवढा भाग माझा. तो मी तुझ्या पदरात घालत नाही. तुझ्या पदरात घालते ते त्यानंतरचं सगळं, कारण त्यानंतर तू विचारणंच सोडलंस.

गेल्या वर्षीचा निघायचा दिवस आठवतो? फ्रिजवर मालकाने सूचना चिकटवल्या होत्या: भांडी धुवून ठेवा, चादरी गोळा करा, कचरा दाराबाहेर. साफसफाईचे पैसे त्याने आधीच कापून घेतले होते, तरी सूचना होत्याच. तुम्ही सगळे वाळूत फोटो काढायला गेलात. मी करपलेल्या दुधाचं पातेलं खरवडत होते. 'वहिनी, ये ना पटकन!' अशी तुझी हाक ऐकू आली, मी हात पुसत बाहेर आले, तोवर फोटो काढून झाला होता. तुझ्या नवऱ्याने तो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'अखेर सगळे एका फ्रेममध्ये!' खाली बदाम, टाळ्या, फुलं. माझ्या मुलांनीही बदाम टाकले. एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. मी अंगठा दाखवला.

त्यावर कळस म्हणजे मालकाचा अभिप्राय. पाहुण्यांनाही गुण मिळतात हे मला तोवर माहीत नव्हतं. 'असे पाहुणे भाग्याने मिळतात, घर दिलं त्याहून लख्ख परत मिळालं.' पाच तारे, तुझ्या नावावर. तू अभिमानाने लिहिलंस, 'बघा आपली इज्जत! आता कुठलाही मालक आपल्याला नाही म्हणणार नाही.' कप्तान, ती इज्जत मी गुडघ्यावर बसून पुसली होती, फरशीच्या सांध्यासांध्यातून. तू त्या दिवशी वाकली होतीस ती फक्त शिंपले वेचायला.

हे सगळं सोसलं असतं गं. कष्टांचं काय, घरीही करतेच. पण आपण मैत्रिणी होतो, हे आता मला स्वतःलाच पुराव्यानिशी पटवावं लागतं. वसतिगृहात एका खोलीत तीन वर्षं काढली आपण, तू कप्तान आणि मी बारकी. तूच भावासाठी मला मागणी घातलीस, वर म्हणालीस, 'हिला घरात आणली की मला बोलायला माणूस मिळेल.' आणलंस. मग लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मला वहिनी केलंस, चारचौघांत आणि एकांतातही. एवढ्या सुट्ट्या एका छपराखाली काढल्या, त्यांत तू माझ्याशी काय बोललीस ते मी आठवून पाहिलं. तू स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतेस, चौकटीला टेकतेस आणि विचारतेस, 'झालं का?' उंबरा तू ओलांडत नाहीस. तुला माणूस मिळालं, पण बोलायला नाही.

म्हणून परवा मी त्याच गावात, तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, हॉटेलात एक खोली घेतली. तळमजला, दोन पलंग. तुझ्या भावाला सांगितलं. का, असं त्याने विचारलं नाही. 'मग जेवणाचं काय?' असं विचारलं. तो आणि मुलं तुझ्याकडेच उतरतील, जेवणाचं तुम्ही भावंडं बघा. एवढंच असतं तर मी दोन ओळींत कळवलं असतं. पण काल आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. परतताना त्यांनी घराचे फोटो दाखव म्हणून सांगितलं. गच्ची, झोपाळा, लाटा सगळं पाहिलं आणि विचारलं, 'मी परत हॉलमधल्या सोफ्यावरच का?' पोरांचा सिनेमा संपेपर्यंत तुझी आई तिथे बसून डुलक्या काढायची, कारण खोल्या वरच्या मजल्यावर आणि तिचे गुडघे असे. तू दर वर्षी सांगतेस तेच मी म्हटलं, 'पण आई, तुम्हाला हॉटेलचं सोसत नाही ना, म्हणून तर घर घेतो.' त्या म्हणाल्या, 'असं कोण म्हणालं? मला कुणी विचारलंय का कधी?' मग मी माझ्या खोलीचं सांगितलं. रिक्षातून उतरताना म्हणाल्या, 'तो दुसरा पलंग रिकामाच आहे ना?' तेव्हा तुला कळवते: यंदा तुझी आई माझ्याबरोबर हॉटेलात राहणार आहे. 'तूच सांग तिला, माझ्यावर ओरडेल ती,' असं त्याच म्हणाल्या. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड. एक दिवस आम्ही दोघी जेवायला येऊ, पाहुण्यांसारख्या. वाढशील ते खाऊ आणि नावं ठेवणार नाही.

तुझीच (हा शब्द खोडावा का ते ठरत नाही, म्हणून राहू देते),
बारकी

उद्याचं काम: हॉटेलला फोन करून विचारणे, बाथरूममध्ये आईंना धरायला भिंतीला दांडा आहे का.