पुस्तकातली लोई

ईस्ट हॅरो, मॅसॅच्युसेट्स
९ ऑक्टोबर १८७३

प्रिय टॅबी,

हेप्सीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तिकडे बॉस्टनमध्ये तूही बरी असशील, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. इकडे काहीही ठीक नाही.

तुझं पुस्तक मिळालं, शालही मिळाली. शाल पेटीत टाकली आहे. लाल रंग मला कधी शोभला होता? पुस्तक मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि त्यापायी दोनदा बीन्स करपवले. गरीब पाद्र्याच्या तीन मुली हसतखिदळत एका घरात मोठ्या होतात, आणि लोक म्हणे दुकानांतून ते हातोहात उचलतायत. उचलू देत. त्यातली थोरली, लांब नाकाची, जॅमच्या बरण्यांवर पहारा देणारी, उठता-बसता धाकट्यांना उपदेशाचे डोस पाजणारी, ती कोण हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. परवा पोस्टमास्तर मला म्हणाला, "काय बाई, भरल्या का बरण्या?" मी म्हटलं, "भरल्या. एक तुमच्या डोक्यात घालायला राखून ठेवलीय." नाकाचा मला राग नाही. नाक आहेच लांब.

मधली मात्र काय गोड निघाली गं! दिलदार, शूर, सगळ्यांसाठी धावणारी. मी इतकी वर्षं तुझ्याबरोबर एका पलंगावर झोपले, पण सगळं पांघरूण आपल्याकडे ओढणारी तेवढी एक मला माहीत आहे. ही पुस्तकातली मुलगी मला कधी भेटली नाही.

आणि वर तू विचारतेस, "दुसऱ्या भागात तुझं लग्न कुणाशी लावू, हेप्सी? शाळामास्तर चालेल का?" माझं लग्न तुझ्या छापखान्यात लावू नकोस. एवढीच हौस असेल तर स्वतःचं लाव.

आता त्या शिध्याच्या संध्याकाळबद्दल. तू लिहिलंस की वर्षातून एकदा सगळं गाव प्रेमानं भोपळे, लोकर, सुकी सफरचंदं घेऊन पाद्र्याच्या घरी जमतं, गाणी होतात, आणि तिघी बहिणी हसत हसत सगळ्यांना भोपळ्याची गोड पाई वाढतात. वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाद्र्याला धड पगार द्यायचा नाही आणि वर उपकार केल्याचं पुण्य घ्यायचं, त्यासाठी ती संध्याकाळ होती. आणलेलं अर्धं तेच खाऊन जायचे. आईचं कपाट उघडून बायका आत काय आहे ते बघायच्या, आणि आई हसून "बघा ना" म्हणायची. तूही तिथेच होतीस.

त्या वर्षी मिसेस क्रॉवेलनं तिच्या लेकीचा, ऑलिव्हचा, तो तपकिरी झगा आणला होता, इस्त्रीनं जळलेला. भर बैठकीत तिनं तो आपल्या धाकट्या लोईला घालायला लावला. "फिर गं, फिर. बघू दे सगळ्यांना. आमच्या ऑलिव्हला आखूड झाला, पण पाद्रीणबाईंच्या पोरीला कसा मापात बसलाय!" लोई फिरली. लोक हसले, आणि सगळ्यांत मोठ्यांदा कोण हसलं ते मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं, टॅबी. तुझ्या पुस्तकात लोई स्वतःच खळखळून हसते, गिरकी घेते आणि वाकून सगळ्यांना नमस्कार करते. खऱ्या लोईनं तो झगा काढला, घडी घातली आणि त्यानंतर या घरात ती हसली नाही. पुढच्या वसंतात ती शेकर पंथाच्या लोकांच्या वस्तीत निघून गेली. तिथे लग्न नाही, स्वतःचं असं काही नाही, जे आहे ते सगळ्यांचं. कुणी कुणाला जुने कपडे देत नाही. बाबांनी जाहीर केलं, "या घरात तिचं नाव घ्यायचं नाही," आणि आपण घेतलं नाही.

हे सगळं तुला पाठ आहे. तरी मी का लिहिते आहे? कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

बाबा गेल्यावर आई हळूहळू विचारायला लागली. "तिला पोटभर मिळतं का गं? थंडीचं पुरेसं पांघरूण असतं का?" मी वस्तीत जाऊन यायचे आणि सांगायचे. आजारानं आईची नजर गेली, तरी चाचपत चाचपत तिनं लोईसाठी मोजे विणायला घेतले. या पानगळीत लोईला भेटीला पाठवायचं वस्तीतल्या थोरल्या बाईंनी कबूल केलं होतं. आई दिवस मोजत होती.

तेवढ्यात तुझं पुस्तक आलं. नव्या पाद्र्याची बायको, मिसेस पेल, भली बाई. रोज दुपारी आईला वाचून दाखवते म्हणाली. मलाही वाटलं, बरं झालं, आईचं मन रमेल. त्या दुपारी मी अंगणात सफरचंदांची कढई ढवळत होते. मिसेस पेल रडत बाहेर आली. "मला ठाऊक नव्हतं हो, तुमची धाकटी बहीण गेलीय ते." तुझ्या पुस्तकात शेवटी लोई मरते, ते आई खरं मानेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

आत गेले तर आई म्हणाली, "माझी काळी ओढणी काढ."

"आई, अगं ती कादंबरी आहे!"

"म्हणजे काय?"

सांग टॅबी, काय सांगणार होते मी? बाबांनी या घरात बायबल, प्रवचनं आणि पंचांग सोडून छापलेला कागद येऊ दिला नाही. मी म्हटलं, "टॅबीनं मनानं रचलंय सगळं." आई म्हणाली, "माझी टॅबी? पाद्र्याची मुलगी खोटं छापून गावोगाव वाटेल? मला बरं वाटावं म्हणून तूच इतके दिवस खोटं बोलत आलीस, हेप्सी. मी रागावले नाही तुझ्यावर." आणि मोजे उसवायला बसली.

मी तडक वस्तीत गेले आणि गेल्या मंगळवारी लोईला घेऊन आले. ती आईसमोर गुडघ्यांवर बसली. "आई, मी लोई." आईनं तिची टोपी चाचपली, टोपीखालचे कापलेले केस चाचपले, हाताचे घट्टे चाचपले. "माझ्या लोईचे केस कमरेपर्यंत होते. आणि ती एव्हाना तीनदा हसली असती." मग मायेनं म्हणाली, "तू भली पोर आहेस. हेप्सीनं तुला हे बोलायला सांगितलं, त्यात तुझा दोष नाही. आलीच आहेस तर ते शेवटचं वाचशील?"

लोईच्या लोकांत कादंबरीला हात लावत नाहीत. तिनं माझ्याकडे बघितलं, पुस्तक उचललं आणि स्वतःचं मरण आईला वाचून दाखवलं. खिडकीत सफरचंदाचा बहर, उशाशी हात धरून बसलेली मधली बहीण (मधलीच!), आणि ते सुंदर शेवटचे शब्द. एकदाही न अडखळता वाचलं. आई पोटभर रडली आणि म्हणाली, "छान वाचतेस बाई. देव तुझं भलं करो."

फाटकापाशी मी तुझ्याबद्दल नको नको ते बोलले. लोई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आईला ती जास्त आवडते, हेप्सी. असू दे."

"असू दे काय? ती खोटी आहे!"

"पण ती हसते ना," म्हणाली आणि गाडीत चढली.

पुस्तकात तुला कुणाला मारायचंच होतं तर मला मारायचंस. लांब नाकासकट.

डॉक्टर म्हणतात, आई पहिल्या बर्फापर्यंत राहिली तरी खूप. माझ्यावर तिचा विश्वास नाही, लोईवर नाही, फक्त तुझ्यावर आहे. तेव्हा मिळेल त्या गाडीनं निघून ये. पत्र पाठवू नकोस, शाल पाठवू नकोस. तिच्यासमोर बस आणि स्वतःच्या तोंडानं म्हण, "आई, मी खोटं लिहिलं, लोई जिवंत आहे." लोईला पुन्हा आणायचं माझ्याकडे लागलं.

कालपासून आईनं हट्ट धरलाय. बाबांच्या शेजारची राखलेली जागा तिला नको. "मला लोईच्या शेजारी पुरा," म्हणते. आज सकाळी माझा हात धरून तिनं वचन घेतलं. मी हो म्हटलं.

यायला जमणार नसेल, तर एवढं तरी कळव. लोईला कुठे पुरलंस ते पुस्तकात लिहिलेलं नाही. मला खड्डा खणणाऱ्याला जागा दाखवायची आहे.

तुझी, आणि लोईचीही, थोरली बहीण
हेप्सी