आठशे सेहेचाळीस व्हिडिओंचे चेहरे

६ जानेवारी २०२५, सोमवार. अकोला.
नवीन वर्षाचं पहिलं महत्त्वाचं प्रकरण घरातूनच दाखल झालं. अनुपमाच्या आईला, म्हणजे आमच्या सासूबाई कौशल्याबाईंना, २६ तारखेला पंच्याहत्तर पूर्ण. दर्यापूरला कार्यक्रम. पत्नीची मागणी एकच: बाबांचा उखाण्याचा व्हिडिओ शोधून द्या.
मागणी रास्त आहे. सासरे मोतीराम मास्तर आयुष्यात एकदाच उखाणा घेताना सापडले, लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा. आणि तो क्षण टिपला कोणी? अस्मादिकांनी. मास्तर जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा आवाज असलेली दुसरी कुठलीही गोष्ट त्या घरात नाही.
आमच्या कॉम्प्युटरवर 'जुना कॅमेरा' नावाचं फोल्डर आहे. आत ८४६ व्हिडिओ. नावांच्या जागी नुसते नंबर. कॅमेऱ्यात तारीख लावायची राहिली होती, त्यामुळे कॉम्प्युटरच्या मते माझ्या आयुष्यातलं सगळं काही १ जानेवारी २०१० या एकाच दिवशी घडलं. प्रत्येक व्हिडिओवर फिल्मच्या तुकड्याचं तेच ते चित्र.
अनुपमा म्हणाली, "एकेक उघडून पाहून घ्या ना. काय जाते?"
एकेक उघडून! म्हणूनच हा समाज मागे आहे. मी मागच्या दिवाळीत विंडोज काढून स्वतःच्या हाताने लिनक्स टाकलं ते याचसाठी का? फाइल मॅनेजरमध्ये व्हिडिओचे थंबनेल चालू करायचे. प्रत्येक व्हिडिओचा चेहरा बाहेरूनच दिसेल, मास्तर दिसले की क्लिक. दहा मिनिटांचं काम. उद्या सकाळी करतो.

७ जानेवारी, सकाळी ६.४०
टर्मिनल उघडलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. अनुपमा चहा घेऊन आली आणि मागे उभी राहिली. प्रभाव पडला असावा. मग विचारलं, "गॅस बुक करून राहिले का?"
थंबनेल बनवणारं पॅकेज मागवलं. उत्तर: असं पॅकेज सापडत नाही. पुन्हा तेच. लिनक्सवाल्यांचा गलथानपणा.

सकाळी ७.५५
स्पेलिंगमधला एच गळला होता. आम्ही वऱ्हाडी माणसं बोलतानाच ह गाळतो, टाइप करताना कुठून येणार? आता पॅकेज बसलं. थंबनेल मात्र नाहीत. कॉम्प्युटरला थोडा वेळ द्यावा. मीही पक्षकारांना हेच सांगतो.

९ जानेवारी, गुरुवार
दोन दिवस वेळ दिला. काही नाही.
इंटरनेटवर वाचलं ते मनोरंजक आहे. ज्या फाइलीचं चित्र एकदा बनलं नाही, तिची नोंद कॉम्प्युटर एका लपवलेल्या फोल्डरमध्ये करून ठेवतो आणि पुन्हा प्रयत्नच करत नाही. म्हणजे एकदा अर्ज फेटाळला की कायमचा फेटाळला. इतकं कडक आमचं दिवाणी न्यायालयही नाही.
ते फोल्डर उडवलं. रीस्टार्ट केलं. ८४६ फिल्मचे तुकडे जसेच्या तसे. पण मुळापर्यंत पोचल्याचं समाधान आहे.

११ जानेवारी, दुसरा शनिवार, कोर्ट बंद
दोष फाइल मॅनेजरचाच. दुसरा टाकला. त्यात प्रत्येक फोल्डर दोन-दोनदा उघडतो. तिसरा टाकला. त्यात फोटोंचे थंबनेल दिसत होते तेही गेले. पहिला काढायला गेलो तर त्याच्याबरोबर आणखी काय काय निघून गेलं. तो परत टाकला. आता घरात तीन फाइल मॅनेजर आहेत आणि कॉम्प्युटरचा आवाज बंद आहे. आवाजाचा आणि थंबनेलचा संबंध नाही. ते नंतर पाहू.
अनुपमाने विचारलं, सापडला का? म्हटलं, पायाभूत काम चालू आहे. म्हणाली, "आज उघडायला बसले असते तं संध्याकाळपर्यंत अर्धे झाले असते."
तिला पद्धत आणि घाई यातला फरक समजावून सांगितला. मधेच कुकरची शिट्टी झाली म्हणून ती गेली. परत आली नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
अमरावतीहून साडू गोवर्धनराव आले. तिळगूळ आणि शेंदूरजन्याची संत्री घेऊन. तिळगूळ दिला आणि लगेच, "हरिहरराव, आमच्या कॉम्प्युटरवर तं व्हिडिओचं चित्र आपोआपच दिसते. मले द्या ना ते फोल्डर. बसल्या बसल्या शोधून देतो."
आपोआप! ज्याला काही समजत नाही त्याला सगळं आपोआपच दिसतं. मी त्यांना मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, स्वातंत्र्य म्हणजे काय हे पाऊण तास सांगितलं. त्यांनी तेवढ्यात नऊ संत्री संपवली आणि विचारलं, "मंग दिसते का तुमचं?"
फोल्डर दिलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१६ जानेवारी, गुरुवार
लिनक्सच्या एका इंग्रजी फोरमवर प्रश्न टाकला. वस्तुस्थिती, पार्श्वभूमी, केलेले उपाय, मागितलेली दाद, असं मुद्देसूद. एकोणीस परिच्छेद. चार मिनिटांत उत्तर आलं: प्रेफरन्सेसमध्ये (म्हणजे साध्या सेटिंगमध्ये) पाहिलं का?
बस. एक ओळ. बत्तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला विचारतो, प्रेफरन्सेसमध्ये पाहिलं का! हे म्हणजे विजेच्या खांबावर चढलेल्याला बटण दाबलं का विचारण्यासारखं. सविस्तर प्रत्युत्तर टाकलं. त्याने त्यावर अंगठा दाखवला. तो हसरा अंगठा होता की उपहासाचा, कळत नाही.

१७ जानेवारी
कोर्टात माझे मुन्शी पुंजाराम यांना सगळं सांगितलं. पुंजाराम माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, एक एक उघडून काहून नाही पाहत?"
उद्यापासून पुंजारामशी फक्त कामाचं बोलायचं.

२१ जानेवारी, मंगळवार
एक चांगली गोष्ट. अनुपमाने विचारणं पूर्ण बंद केलं आहे. माझ्यावर विश्वास बसला. उलट तिलाच कॉम्प्युटरची गोडी लागलेली दिसते. मी कोर्टातून येतो तेव्हा खुर्ची गरम असते, माऊसला तुरीच्या शेंगांचा हिरवा चिकटा असतो आणि टेबलावर सोललेल्या दाण्यांचं पातेलं. घरात पाच दिवस झाले तुरीच्या दाण्यांचीच भाजी. शिकते आहे तर शिकू द्यावं.
संकल्प: शुक्रवारपर्यंत थंबनेल, नाहीतर पूर्ण सिस्टम नव्याने टाकायची.

२४ जानेवारी, शुक्रवार, सकाळी ७.१०
झालं!!
पहिला फाइल मॅनेजर बंद करताना माऊस घसरला (चिकट होता) आणि प्रेफरन्सेसची खिडकी उघडली. तिथे बारीक अक्षरात एक अट: थंबनेल फक्त १० एमबीपेक्षा लहान फाइलींसाठी. माझा सगळ्यात छोटा व्हिडिओ ६२ एमबीचा. बारीक अक्षरातली अट वाचायची हे मी पक्षकारांना आयुष्यभर सांगत आलो. म्हणूनच ती मला सापडली. फोरमवाल्याने नीट समजावलं असतं तर आठवडा वाचला असता.
आकडा वाढवला. आणि एकामागून एक चित्रं उगवायला लागली! अनुपमाला ओरडून बोलावलं. कणकेचे हात घेऊन आली. मी खुर्ची फिरवून तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. असे क्षण पुन्हा येत नाहीत.
ती म्हणाली, "ह्या तुमच्या चपला ना?"
पाहिलं. चपला. खाली पुन्हा चपला. मग फरशी. काळोख. पंखा. माझं बोट. परत चपला, पण दुसरा जोड. मला कॅमेरा आधी चालू करून मग वर उचलायची सवय होती, आणि कॉम्प्युटरने बरोब्बर तोच क्षण चित्रासाठी निवडला. ८४६ मध्ये ओळखू येणारी माणसं अकरा. त्यातला एक मंडपवाला.
मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या काम झालं.
"सातशे एकोणचाळीस नंबरचा आहे," अनुपमा म्हणाली. "मंगळवारीच सापडला. तळापासून उघडत गेली असती तं पहिल्याच दिवशी सापडला असता. पेनड्राइव्हवर घेऊन ठेवला."
विचारलं, मग मला का नाही सांगितलं?
"तुमचं काम चालू होतं ना." कणकेचे हात घेऊन परत गेली. दारातून म्हणाली, "आवाज नाही आला पण. तुमच्या कॉम्प्युटरचा बंद आहे. बाबा बोलताना नुसते दिसले."

२६ जानेवारी, रविवार. दर्यापूर, सायंकाळी ६
पन्नासेक माणसं. औक्षण झालं, पंच्याहत्तर दिवे लावले. मग टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. सगळ्यांच्या पुढे सासूबाई, पायाखाली पाट ठेवून खुर्चीवर. मी टीव्हीशेजारी उभा राहिलो, म्हणजे 'हे कोणी टिपलं' असं कोणी विचारलं तर मला शोधावं लागू नये.
आधी चपला. मग फरशी. मग मास्तर. पांढरा सदरा, हातात पेढा, लाजलेले. अनुपमाच्या बहिणीच्या तोंडून "बाबा" निघालं.
मास्तरांनी तोंड उघडलं आणि आवाज आला, खणखणीत, माझा. "आता मी झूम करतो. हं. हा ऑप्टिकल झूम आहे. डिजिटल वेगळा. डिजिटलमध्ये चित्र फाटते. पाहा, कसं जवळ आलं. मास्तर, जरा इकडे पाहा, उजेड घ्या. आता मागे घेतो."
मास्तरांचे ओठ हलत होते. मग सगळे हसले, टाळ्या वाजल्या, आणि टाळ्यांवरही माझा आवाज, बॅटरी किती उरली ते सांगणारा. संपलं. दोन मिनिटं दहा सेकंद.
मला सांगायचं होतं की त्या कॅमेऱ्याचा माइक मागच्या बाजूला होता, त्यामुळे जवळचा आवाज मोठा येतो. शास्त्रीय कारण आहे. अनुपमाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. शोधायला पाच दुपारी बसली होती ती. मी शास्त्रीय कारण सांगितलं नाही.
सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा लावा."
लावला. ऑप्टिकल झूम. डिजिटल वेगळा. गोवर्धनरावांनी खाली पाहून खोकल्यासारखं केलं.
"अजून एकदा लावा. अन् आवाज बंद करा."
गोवर्धनरावांनी आवाज बंद केला. मास्तर पडद्यावर आले, पेढा धरून, लाजत. ओठ हलले. आणि त्या ओठांबरोबर सासूबाई बोलल्या, एक अक्षर मागे नाही की पुढे नाही:
"पस्तीस वर्षं शिकवलं गणित, घरात मात्र बेरीज कच्ची,
कौशल्याने सांभाळलं म्हणून उत्तरं आली सच्ची."
मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आठ दिवस पाठ करून राहिले होते. मीच तं म्हणून घ्यायची."
अनुपमा रडली. तिची बहीण रडली. मला चष्मा पुसावा लागला, धूळ फार होती.
मग सगळे मागे लागले, आता तुम्हीही घ्या आई, त्यांना उत्तर म्हणून. सासूबाई नाही नाही म्हणत तयार झाल्या. मी खिशातून मोबाइल काढला. अनुपमाने तो माझ्या हातातून घेतला आणि गोवर्धनरावांना दिला. मी मागे, चपलांच्या रांगेजवळ जाऊन उभा राहिलो.
सासूबाईंनी उखाणा घेतला. शेवटी "मास्तर" म्हणाल्या, नाव नाही घेतलं. सगळं स्वच्छ रेकॉर्ड झालं.
मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्द बोललो नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.