कोरडं मनगट

दादा, पाया पडतो.

तुझ्या उमेदवाराला मी मत दिलं नाही. त्याने कबूल केलेली पगारवाढ मलाही हवी होती. पण तो प्रचाराला आमच्या रंगखात्यात आला तेव्हा माझे तळवे रंगाने ओले होते. अशा वेळी हात मिळवायला आम्ही मनगट पुढे करतो, तसं मी केलं. ते कोरडं होतं. तरी फोटो निघताच त्याने माझ्यासमोर रुमालाने बोटं पुसली.

"आंघोळच घाला साहेबांना," मुकादम पुटपुटला. सगळे हसले.

मतदानाला देवाचं नाव घेऊन गेलो. राग निवला होता, पण रुमाल डोळ्यांसमोरून हलेना. "पोटाचा विचार कर," म्हणशील. पोटाचं मी बघून घेईन.

त्याच्यासाठी तू महिनाभर पायपीट केलीस. तुला हे कागदावरून कळू नये, म्हणून हे पत्र पाठवत नाही. रविवारी तुला जेवायला बोलावतो, समोर बसून सांगतो.

तुझा धाकटा